इंग्रजी वाक्यातील क्रमदर्शक व तुलनादर्शक शब्दप्रयोग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

‘ॲज सून ॲज’ काढून ‘नो सूनर… दॅन’ वापरा आणि मूळ अर्थ न बदलता वाक्याची ‘डिग्री’ बदला, हे दोन प्रश्न महाराष्ट्रातील शाळांतून इंग्रजी शिकलेल्या अनेक पिढ्यांच्या परिचयाचे आहेत. पहिल्या प्रश्नात दोन घटनांचा क्रम सांगायचा असतो, तर दुसऱ्यात दोन किंवा अधिक वस्तूंची तुलना करायची असते. व्याकरणाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध असल्याचे विद्यार्थ्यास सहसा सांगितले जात नाही. तथापि पहिल्या प्रश्नाचे उत्तर बारकाईने पाहिल्यास एक विसंगती ध्यानात येते. प्रश्न घटनाक्रमाचा असून उत्तरात मात्र ‘सूनर’ हे तुलनेचे रूप आणि ‘दॅन’ हा तुलनेचा शब्द येतो. क्रमाच्या प्रश्नाचे उत्तर तुलनेच्या शब्दांनी का द्यावे लागते, याचे स्पष्टीकरण नियमांच्या यादीत सापडत नाही. ते इंग्रजी भाषेच्या इतिहासात सापडते.

प्रस्तुत लेखात इंग्रजीतील क्रमदर्शक आणि तुलनादर्शक शब्दप्रयोगांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. हे दोन्ही प्रकारचे शब्द मुळात एकाच कुळातील आहेत. त्यांच्या शुद्धाशुद्धतेचे आज शिकवले जाणारे नियम मात्र दोन भिन्न उगमांतून आले आहेत. काही नियम भाषेच्या घडणीतूनच निर्माण झाले, तर काही अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी घालून दिले. या दोहोंतील फरक न जाणता सर्व नियम एकाच तराजूने तोलले गेल्यामुळे मराठी भाषक विद्यार्थ्याच्या पदरी अनेकदा अनावश्यक दोष आला आहे. हा फरक स्पष्ट करणे हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य हेतू होय.

१. क्रमातून तुलनेकडे : ‘देन’ आणि ‘दॅन’

‘देन’ म्हणजे ‘मग’ आणि ‘दॅन’ म्हणजे ‘पेक्षा’, असे विद्यार्थी पाठ करतो आणि लिहिताना एकाच्या जागी दुसरा शब्द लिहितो. ही चूक केवळ निष्काळजीपणाची मानली जाते. इतिहास पाहता ती तशी नाही. प्राचीन इंग्रजीत हे दोन्ही शब्द एकच होते. काळाच्या संदर्भात ‘तेव्हा, त्यानंतर’ या अर्थाने वापरला जाणारा शब्दच तुलनेच्या वाक्यातही येत असे. पुढे उच्चारातील आघाताच्या भेदामुळे त्याची दोन रूपे झाली, परंतु लेखनात ती दीर्घकाळ एकमेकांत मिसळलेली राहिली. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतराच्या मूळ मुद्रणात आणि १६२३ मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहात आज जेथे ‘दॅन’ लिहिले जाते, तेथे ‘देन’ हे रूप सर्रास आढळते. दोन अर्थांसाठी दोन वर्णलेखने ही पद्धत सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्थिरावली. इंग्रजीच्या जवळच्या नात्यातील डच भाषेत ‘दान’ हा एकच शब्द आजही ‘मग’ आणि ‘पेक्षा’ या दोन्ही अर्थांनी वापरला जातो.

क्रमदर्शक शब्दाला तुलनेचा अर्थ कसा प्राप्त झाला, याविषयी अभ्यासकांनी एकाहून अधिक उपपत्ती मांडल्या आहेत. त्यांपैकी सर्वांत सुबोध उपपत्तीनुसार तुलनेचे वाक्य हे मुळात क्रम सांगणारे वाक्य होते. ‘राम उंच आहे, मग श्याम’ असे म्हटले असता उंचीच्या रांगेत राम आधी आणि श्याम नंतर, असा अर्थ निघतो. ‘मग’ या शब्दाने जोडलेली ही रांगच कालांतराने ‘राम श्यामपेक्षा उंच आहे’ या अर्थाची झाली. या दृष्टीने पाहता तुलना करणे म्हणजे दोन वस्तूंना एका क्रमात उभे करणे होय.

प्राचीन इंग्रजीत तुलनेचा आणखी एक मार्ग होता. ज्याच्याशी तुलना करावयाची त्या नामाला विभक्तिप्रत्यय लावून ‘दॅन’विना वाक्यरचना करता येत असे. लॅटिनमध्ये यासाठी अपादानाची विभक्ती वापरली जाई. संस्कृतातही पाणिनीने तुलनेच्या अशा रचनेत पंचमी विभक्ती सांगितली आहे. मराठीत ‘घराहून निघाला’ आणि ‘भावाहून थोर’ या दोन्ही ठिकाणी येणारा ‘हून’ हा प्रत्यय याच विचाराचा साक्षीदार आहे. ज्या बिंदूपासून प्रवास सुरू होतो, त्याच बिंदूपासून थोरवीही मोजली जाते. इंग्रजीत विभक्तिप्रत्ययांचा ऱ्हास होत गेल्यावर हा मार्ग बंद झाला आणि तुलनेचा सर्व भार ‘दॅन’ या शब्दावर पडला. मराठीने प्रत्ययाचा मार्ग टिकवला आणि त्याच्या जोडीला ‘अपेक्षा’ या संस्कृत शब्दापासून आलेले ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय घेतले.

२. तुलनेतून क्रमाकडे : ‘फर्स्ट’, ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’

क्रमातून तुलनेचा शब्द निर्माण झाला, त्याचप्रमाणे तुलनेच्या रूपांतून क्रमाचे शब्दही निर्माण झाले. इंग्रजीतील क्रम सांगणारे अनेक नित्याचे शब्द तरभावाची किंवा तमभावाची, म्हणजे ‘कम्पॅरेटिव्ह’ वा ‘सुपरलेटिव्ह’ या अवस्थांची रूपे आहेत.

‘फर्स्ट’ हा शब्द ‘पुढे’ या अर्थाच्या मूळ शब्दाला तमभावाचा ‘एस्ट’ हा प्रत्यय लागून सिद्ध झाला. त्याचा मूळ अर्थ ‘सर्वांत पुढचा’ असा आहे. ‘लास्ट’ हे ‘लेट’ या शब्दाचे जुने तमभावाचे रूप असून ‘लॅटर’ हे त्याच शब्दाचे जुने तरभावाचे रूप आहे. ‘नेक्स्ट’ हे ‘जवळ’ या अर्थाच्या ‘नाय’ या शब्दाचे तमभावाचे रूप होय. म्हणून ‘नेक्स्ट’ म्हणजे मुळात ‘सर्वांत जवळचा’. विशेष म्हणजे ‘निअर’ हेही त्याच ‘नाय’ शब्दाचे तरभावाचे रूप होते. बोलणाऱ्यांना त्याचा विसर पडल्यानंतर ‘निअर’ला पुन्हा ‘अर’ प्रत्यय लावून ‘निअरर’ हे रूप तयार झाले. ऐतिहासिक दृष्टीने ते दुहेरी तरभावाचे रूप ठरते, तरीही आज ते पूर्णतः शुद्ध मानले जाते.

‘रादर’ हा शब्दही या संदर्भात उद्बोधक आहे. ‘लवकर’ या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी क्रियाविशेषणाचे हे तरभावाचे रूप असून त्याचा मूळ अर्थ ‘अधिक लवकर’ असा होता. ‘मरण पत्करीन, पण शरण जाणार नाही’ या आशयाच्या इंग्रजी वाक्यात ‘रादर… दॅन’ येते, तेव्हा एक गोष्ट दुसरीपेक्षा ‘आधी’ स्वीकारली जाईल, असाच त्याचा मूळ भाव असतो. काळातील आधी-नंतर येथे आवडीतील अधिक-उणे बनले आहे. मराठीत ‘शरण जाण्याआधी मरेन’ असे म्हणता येते, त्यामागेही हाच विचार आहे.

‘सेकंड’ या शब्दाची कथा निराळी आहे. प्राचीन इंग्रजीत ‘दुसरा’ या अर्थी ‘अदर’ या शब्दाचे जुने रूप वापरले जात असे. परंतु ‘अदर’चा अर्थ ‘इतर’ असाही होत असल्याने क्रम सांगताना संदिग्धता निर्माण होई. ती दूर करण्यासाठी फ्रेंचमार्गे ‘सेकंड’ हा शब्द आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून अर्थ ‘मागून येणारा’ असा आहे. मराठी वाचकाला ही संदिग्धता ओळखीची वाटेल. ‘दुसरा’ हा शब्द मराठीत आजही क्रम आणि भिन्नता असे दोन्ही अर्थ वाहतो. ‘दुसरे पुस्तक द्या’ या वाक्याचा अर्थ संदर्भावाचून ठरवता येत नाही.

संस्कृताकडे पाहिल्यास हे नाते अधिक ठसठशीतपणे दिसते. ‘उत्तर’ या शब्दात तरभावाचा ‘तर’ प्रत्यय आहे आणि त्याचा अर्थ ‘वरचा’ असा असून ‘नंतरचा’ असाही आहे. ‘उत्तम’ हे त्याच कुळातील तमभावाचे रूप होय. ‘ज्येष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ ही मुळात तमभावाची रूपे आज जन्मक्रम आणि पदक्रम सांगण्यासाठी वापरली जातात. इंग्रजीतील ‘एस्ट’ आणि संस्कृतातील ‘इष्ठ’ हे प्रत्यय एकाच पूर्वज भाषेतून आलेले आहेत. ‘स्वीट’, ‘स्वीटर’, ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादु’, ‘स्वादीयस्’, ‘स्वादिष्ठ’ या दोन मालिका शेजारी ठेवल्या असता त्यांचे नाते सहज उमगते. दोघांच्या तुलनेत तरभाव आणि अनेकांच्या तुलनेत तमभाव, ही व्यवस्थाही पाणिनीने सांगितलेली आहे. ती केवळ इंग्रजी व्याकरणाची देणगी नव्हे.

३. अठराव्या शतकातील शुद्धतेचे नियम

शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजीत ‘मोअर’ आणि ‘अर’, तसेच ‘मोस्ट’ आणि ‘एस्ट’ यांचा एकाच शब्दाला जोडून वापर करणे दोषास्पद नव्हते. ‘ज्युलिअस सीझर’ या नाटकात अँटनी आपल्या प्रसिद्ध भाषणात ब्रूटसच्या घावाचे वर्णन करताना असेच दुहेरी तमभावाचे रूप वापरतो. १६११ च्या बायबलच्या भाषांतरातही तसे रूप आढळते. नाटककार बेन जॉन्सन याने लिहिलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झालेले इंग्रजी व्याकरण याबाबतीत महत्त्वाचा पुरावा ठरते. जॉन्सनने या दुहेरी रूपांचा दोष म्हणून उल्लेख केला नाही. प्राचीन ग्रीक लेखकांच्या डौलदार शैलीशी नाते सांगणारा हा इंग्रजीचा एक अलंकार आहे, अशा शब्दांत त्याने त्यांचा गौरव केला.

यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी चित्र पूर्णतः पालटले. १७६२ मध्ये रॉबर्ट लौथ यांचे ‘अ शॉर्ट इंट्रोडक्शन टू इंग्लिश ग्रामर’ प्रसिद्ध झाले. पुढे लंडनचे बिशप झालेल्या या विद्वानाने दुहेरी तरभाव व तमभाव अयोग्य ठरवले. ज्या अर्थी एका चिन्हाने काम भागते, त्या अर्थी दुसरे अनावश्यक, असा यामागील तर्क होता. मात्र स्तोत्रसंहितेच्या जुन्या भाषांतरात परमेश्वराला उद्देशून येणारे दुहेरी तमभावाचे रूप विषयाच्या थोरवीमुळे शोभून दिसते, अशी सवलतही त्यांनी दिली. नियम करणाऱ्यालाच अपवाद करावा लागला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात ‘लेसर’ या शब्दास सामान्य लोकांनी केलेला ‘लेस’चा अपभ्रंश म्हणून हिणवले होते. ‘लेस’ हेच तरभावाचे रूप असल्याने त्याला पुन्हा ‘अर’ लावणे त्यांना रानटी वाटले. तरीही ‘लेसर’ टिकला आणि आज प्रतिष्ठित लेखनात वावरतो. त्याच घडणीचा ‘वर्सर’ मात्र अशुद्ध ठरून प्रमाण भाषेतून हद्दपार झाला. दोन शब्दांची घडण एक, पण प्राक्तन भिन्न. त्यामागे भाषेचा कोणताही आंतरिक न्याय दाखवता येत नाही.

‘दॅन’नंतर ‘आय’ की ‘मी’, हा वादही याच काळातील आहे. लौथ यांच्या मते ‘दॅन’ हे उभयान्वयी अव्यय असून त्यापुढे क्रियापद अध्याहृत असते. म्हणून ‘ही इज टॉलर दॅन आय’ हेच शुद्ध, कारण त्याचा विस्तार ‘दॅन आय ॲम’ असा होतो. ऑक्सिजनच्या संशोधनाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या जोसेफ प्रीस्टली यांचेही इंग्रजी व्याकरण १७६१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. प्रीस्टली यांचा कल रूढ प्रयोगाला प्रमाण मानण्याकडे होता. तरभावाचे विशेषण आणि ‘दॅन’ मिळून शब्दयोगी अव्ययाचे कार्य करतात, असे मानण्यास जागा असल्याचे त्यांनी सुचवले. तसे मानल्यास ‘दॅन मी’ हाही प्रयोग समर्थनीय ठरतो. एका बाजूला तर्क, दुसऱ्या बाजूला रूढी, असा हा वाद होता.

या वादाचा निकाल विद्वत्सभेत लागला नाही. तो शालेय पुस्तकांनी लावला. अमेरिकेत जन्मलेले आणि इंग्लंडमधील यॉर्कजवळ स्थायिक झालेले लिंडली मरे यांनी १७९५ मध्ये मुलींच्या एका शाळेसाठी ‘इंग्लिश ग्रामर’ तयार केले. लौथ यांच्यासह पूर्वसूरींचे नियम त्यांनी सुटसुटीतपणे संकलित केले. १७९७ मध्ये त्यांनी ‘इंग्लिश एक्सरसाइझेस’ हे पूरक पुस्तक काढले. त्यात मुद्दाम चुकीची वाक्ये देऊन ती विद्यार्थ्यांकडून दुरुस्त करवून घेण्याची योजना होती. या पुस्तकांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि ती इंग्लंड-अमेरिकेतील शाळांतून दीर्घकाळ शिकवली गेली. ‘चुका दुरुस्त करा’ या प्रश्नप्रकाराच्या प्रसारात मरे यांच्या या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. वाढत्या मध्यमवर्गाला सुशिक्षितांची भाषा आत्मसात करण्याची निकड होती. कोणता प्रयोग प्रतिष्ठित आणि कोणता ग्राम्य, हे ठरवून देणारी पुस्तके त्यांना हवी होती. शुद्धतेच्या नियमांना जो कठोरपणा आला, त्याचे कारण या सामाजिक गरजेत आहे.

क्रमदर्शक शब्दांच्या बाबतीतही असाच आग्रह दिसतो. मुद्दे मांडताना ‘फर्स्ट’ म्हणावे, ‘फर्स्टली’ म्हणू नये. पुढे मात्र ‘सेकंडली’, ‘थर्डली’ चालेल, असा एक दंडक एकोणिसाव्या शतकात प्रचलित होता. टॉमस डी क्विन्सी याने १८४७ मध्ये ‘फर्स्टली’ या शब्दाची पांडित्यप्रदर्शक नवी टूम म्हणून संभावना केली. वास्तविक हा शब्द सोळाव्या शतकापासून वापरात होता. १९२६ मध्ये एच. डब्ल्यू. फाउलर यांनी आपल्या ‘मॉडर्न इंग्लिश युसेज’ या ग्रंथात ‘फर्स्टली’ला होणारा हा विरोध म्हणजे एक निरुपद्रवी पांडित्य असल्याचे सांगून तो निकालात काढला.

४. मुंबई इलाख्यातील इंग्रजी शिक्षण

इंग्लंडमध्ये घडलेली ही व्याकरणपरंपरा एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आली. मराठीच्या व्याकरणलेखनावरही इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीचा ठसा उमटला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा शालेय व्याकरणाचा जो नमुना समोर होता, तो प्रामुख्याने इंग्रजीच होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. इंग्रजीचे ज्ञान ही आता उच्च शिक्षणाची व सरकारी नोकरीची पायरी झाली.

पुढे जे. सी. नेसफील्ड यांचे १८९८ चे व्याकरण आणि पी. सी. रेन व एच. मार्टिन यांचे १९३५ चे ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर’ यांनी भारतातील शाळांवर दीर्घकाळ प्रभाव गाजवला. वाक्यपरिवर्तनाचे प्रश्न, डिग्री बदलण्याचे अभ्यास आणि चुकांच्या याद्या या पुस्तकांमुळे घरोघरी पोहोचल्या. महाराष्ट्रात ‘तर्खडकरांची भाषांतर पाठमाला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकांनी मात्र निराळी वाट धरली. मराठी वाक्यावरून इंग्रजी आणि इंग्रजीवरून मराठी असा दुहेरी सराव देऊन त्यांनी दोन भाषांच्या रचनेतील भेद विद्यार्थ्याच्या हाती दिला. नियम पाठ करण्याऐवजी दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची ही दृष्टी होती.

या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. इंग्लंडमधील विद्यार्थ्याला ‘दॅन मी’ म्हणू नये असे सांगितले जाई, तेव्हा तो घरी, रस्त्यावर ते ऐकतच असे. नियम आणि व्यवहार यांतील अंतर त्याला ठाऊक होते. मुंबई-पुण्याच्या किंवा एखाद्या तालुक्याच्या गावच्या विद्यार्थ्याला इंग्रजी प्रामुख्याने पुस्तकातूनच भेटत होती. त्याच्या दृष्टीने पुस्तकातील नियम हीच भाषा होती. त्यामुळे जो नियम मायदेशात वादग्रस्त होता, तो येथे निर्विवाद सत्य म्हणून रुजला आणि त्याच्या आधारे गुण कापले गेले.

५. मराठी रचना आणि इंग्रजी प्रयोग

मराठी भाषक विद्यार्थ्याच्या इंग्रजी लेखनातील क्रम व तुलनेच्या चुका तपासल्यास त्यांतील बऱ्याचशा चुकांमागे मराठीची स्वतःची सुसंगत व्यवस्था असल्याचे आढळते.

मराठीत विशेषणाचे रूप तुलनेसाठी बदलत नाही. ‘हा डोंगर उंच आहे’, ‘हा डोंगर त्यापेक्षा उंच आहे’ आणि ‘हा डोंगर सर्वांत उंच आहे’ या तिन्ही वाक्यांत ‘उंच’ हा शब्द तसाच राहतो. तुलनेचा अर्थ ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ हे शब्द वाहतात. म्हणून ‘ही इज टॉल दॅन मी’ असे लिहिणारा विद्यार्थी मराठीचा नियम इंग्रजीला लावत असतो. याउलट ‘मोअर टॉलर’ लिहिणारा विद्यार्थी ‘अधिक’ या शब्दाचे भाषांतर करून वर प्रत्ययही जोडतो. आधुनिक प्रमाण इंग्रजीत हे दोन्ही प्रयोग अमान्य आहेत. परंतु पहिला इंग्रजीच्या घडणीविरुद्ध आहे, तर दुसरा इंग्रजीने एकेकाळी मिरवलेला आहे. मराठीतही ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘सर्वांत स्वादिष्ट’ हे प्रयोग व्युत्पत्तीच्या दृष्टीने दुहेरी तमभावाचेच आहेत. त्यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही.

‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ आणि ‘प्रायर’ हे शब्द लॅटिनमधील तरभावाची तयार रूपे म्हणून इंग्रजीत आले. त्यांच्यापुढे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो. मराठीत ‘माझ्यापेक्षा ज्येष्ठ’ असे म्हटले जाते, म्हणून विद्यार्थी ‘सीनिअर दॅन मी’ लिहितो. त्याचप्रमाणे ‘कॉफीपेक्षा चहा पसंत करतो’ या वाक्यावरून ‘प्रिफर टी दॅन कॉफी’ असे वाक्य तयार होते. येथेही ‘टू’ हवा. यांपैकी ‘प्रायर टू’ हा प्रयोग विशेष लक्षणीय आहे. रूपाने तो तरभावाचा असून अर्थाने क्रमाचा, म्हणजे ‘च्या पूर्वी’ असा आहे. क्रम आणि तुलना यांचे नाते लॅटिनमधून आलेल्या शब्दांतही असे कायम आहे.

‘नो सूनर’ची रचना आता सहज उलगडते. ‘तो स्थानकावर पोहोचतो न पोहोचतो तोच गाडी सुटली’ या मराठी वाक्यात क्रियापदाची द्विरुक्ती आणि ‘तोच’ हा शब्द दोन घटनांतील अत्यल्प अंतर दाखवतात. तेथे तुलना नाही. इंग्रजी वाक्य मात्र असे सांगते की, त्याचे पोहोचणे गाडी सुटण्यापेक्षा ‘अधिक लवकर’ घडले नाही. ‘सूनर’ हे तरभावाचे रूप असल्याने त्याला ‘दॅन’ची जोड अपरिहार्य ठरते. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ ही तरभावाची रूपे नसल्याने त्यांच्यासोबत काळवाचक ‘व्हेन’ येतो. हे कारण कळलेला विद्यार्थी ‘नो सूनर… देन’ किंवा ‘हार्डली… दॅन’ लिहिण्याची शक्यता कमी होते, कारण आता त्याला जोड्या पाठ करायच्या नसतात, फक्त पहिल्या शब्दाचे रूप ओळखायचे असते.

‘एनी अदर’चा नियमही असाच तर्काधिष्ठित आहे. मुंबईची महाराष्ट्रातील शहरांशी ‘दॅन’ने तुलना करताना ‘एनी अदर सिटी’ म्हणावे लागते, कारण मुंबई स्वतःपेक्षा मोठी असू शकत नाही. तमभावात मात्र ती त्याच गटात मोजली जाते. मिल्टनने १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात आदामाला त्याच्याच पुत्रांमध्ये आणि ईव्हला तिच्याच कन्यांमध्ये गणून श्रेष्ठ ठरवले आहे. ग्रीक धाटणीचा तो काव्यात्म प्रयोग आहे, पण गद्यात तो चालणार नाही. मराठीत ‘इतर कोणत्याही शहरापेक्षा’ असे म्हणण्याची सवय असल्याने हा नियम शिकवणे वस्तुतः सोपे आहे. ‘वन ऑफ द’नंतर तमभाव आणि अनेकवचन येते, हेही ‘उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ या मराठी रचनेतील अनेकवचनाकडे लक्ष वेधून समजावता येते.

क्रमदर्शक शब्दांत मराठीतील ‘प्रथम’, ‘आधी’ आणि ‘शेवटी’ यांची व्याप्ती अडचण निर्माण करते. मुद्द्यांची मांडणी करताना ‘फर्स्ट’ किंवा ‘फर्स्टली’ हवे असते. ‘ॲट फर्स्ट’ म्हणजे ‘सुरुवातीला’, आणि पुढे परिस्थिती बदलली असा त्यात ध्वनी असतो. ‘लास्टली’ म्हणजे मुद्द्यांपैकी अखेरचा मुद्दा, तर ‘ॲट लास्ट’ म्हणजे दीर्घ प्रतीक्षेनंतर, म्हणजे ‘अखेर एकदाचे’. आभारप्रदर्शनाच्या भाषणात ‘ॲट लास्ट’ म्हणून अध्यक्षांचे आभार मानले गेले, तर श्रोत्यांना सुटकेचा भाव ऐकू येण्याचा संभव असतो. येथे चूक केवळ नियमाची नाही, अर्थाचीही होते.

‘दॅन आय’ आणि ‘दॅन मी’ यांतील भेदही काही वाक्यांत अर्थासाठी उपयोगी पडतो. ‘ती माझ्यापेक्षा त्याला अधिक ओळखते’ हे मराठी वाक्य संदिग्ध आहे; ती मला कमी ओळखते, की मी त्याला कमी ओळखतो, हे त्यातून कळत नाही. इंग्रजीत ‘आय डू’ असे क्रियापद जोडून ही संदिग्धता टाळता येते. परंतु ‘टॉलर दॅन मी’ या वाक्यात अशी कोणतीही संदिग्धता नसते. केवळ लौथ यांच्या तर्कापोटी तेथे चूक दाखवणे अर्थाच्या दृष्टीने निष्फळ आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) इंग्रजीतील क्रमदर्शक आणि तुलनादर्शक शब्दांचे मूळ परस्परांत गुंतलेले आहे. ‘देन’पासून ‘दॅन’ आला आणि तरभाव-तमभावाच्या रूपांतून ‘फर्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘लॅटर’ हे शब्द आले. संस्कृत व मराठीतही हे नाते आढळते.

(२) ‘नो सूनर’नंतर ‘दॅन’, ‘सीनिअर’नंतर ‘टू’ किंवा ‘एनी अदर’ हे नियम शब्दांच्या घडणीतून अथवा अर्थाच्या गरजेतून आलेले आहेत. ते कारणासह शिकवता येतात आणि शिकवले पाहिजेत.

(३) ‘फर्स्टली’चा निषेध किंवा ‘दॅन मी’ला सरसकट अशुद्ध ठरवणे यांमागे विशिष्ट काळातील व्याकरणकारांची अभिरुची आहे. दुहेरी तरभावाचा निषेधही तसाच १६४० आणि १७६२ यांच्या दरम्यान पालटलेल्या अभिरुचीतून आला. मात्र तो आज सर्वमान्य संकेत झाल्याने पाळणे आवश्यक आहे. संकेत संकेत म्हणून शिकवावा, निसर्गनियम म्हणून नव्हे.

(४) मराठी भाषक विद्यार्थ्याच्या बहुतेक चुका मराठीच्या सुसंगत व्यवस्थेतून येतात. दोन्ही भाषांची रचना शेजारी ठेवून शिकवल्यास मातृभाषा अडथळा न ठरता साधन ठरते.

महाराष्ट्रात २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास प्रारंभ झाला आणि ज्यांच्या घरात इंग्रजीचा वावर नाही, अशा लक्षावधी मुलांपर्यंत ही भाषा पोहोचली. अशा विद्यार्थ्याच्या वहीत शिक्षकाच्या लाल शाईला मोठे वजन असते. ज्या चुकीने अर्थ बिघडतो आणि ज्या चुकीने केवळ एका जुन्या ग्रंथकाराची आवड दुखावते, त्या दोहोंखाली सारखीच लाल रेघ ओढली गेली, तर विद्यार्थ्यास भाषा कळत नाही, फक्त भीती कळते. ‘देन’च्या जागी ‘दॅन’ लिहिणाऱ्या मुलाला त्याची चूक दाखवताना हे दोन्ही शब्द एकेकाळी एकच होते, एवढे सांगितले तरी त्याच्या मनातील भीतीची जागा कुतूहल घेऊ शकेल. व्याकरणाच्या अध्यापनात इतिहासाला स्थान असावे, ते याचसाठी.